अनंत कशाला म्हणावे?



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहायचा म्हटलं की विषय लेण्यांचा असावा, एखाद्या सुत्ताचा असावा, नाहीतर चळवळीचा असावा, अशी सर्वांची अपेक्षा असते. ती योग्यच आहे. आम्ही मात्र यावेळी एकच शब्द घेतला आहे. तो शब्द म्हणजे 'अनंत'. या एका शब्दाच्या मागे गेलं तर वाटेत सुत्तही लागतं, लेणीही लागतात आणि चळवळही लागते, म्हणून हा प्रपंच.

हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला आहे. मुलाचं नाव अनंत असतं. अंगणात अनंताचं झाड असतं. अर्जात 'अनंत अडचणी' असतात आणि आभाराच्या भाषणात 'अनंत उपकार' असतात. कोणी वारलं की चौकातल्या फलकावर 'अनंतात विलीन' असं लिहिलेलं दिसतं. आपल्या घरच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर मात्र 'कालकथित' असतं. शाळेतल्या मुलाला विचारलं तर तो लगेच सांगतो, अनंत म्हणजे इन्फिनिटी, इंग्रजी आठाचा आकडा आडवा केला की झालं!

पण हा शब्द नेमकं सांगतो काय? नीट पाहिलं तर आपण तो चार वेगवेगळ्या अर्थांनी वापरतो. कधी त्याचा अर्थ 'फार मोठे' एवढाच असतो. कधी 'शेवट सापडत नाही' असा असतो. कधी 'शेवट मुळी नाहीच' असा असतो. आणि कधी 'इथे मर्यादा घालायची नाही' असा असतो. हे चार अर्थ एक नव्हेत. त्यांची गल्लत झाली की माणूस फसतो. इतिहासात या गल्लतीचा फायदा घेऊन माणसांना फसवलंही गेलं आहे. म्हणून शब्दाची ही झडती आवश्यक आहे.

'नाही' सांगणारा शब्द

अन् अधिक अंत, म्हणजे अनंत. पालीतही तो 'अनन्त' असाच आहे. इंग्रजीतला 'इन्फिनिटी' हा शब्द लॅटिनवरून आला. त्यात 'इन्' म्हणजे नाही आणि 'फिनिस' म्हणजे शेवट, हद्द. ग्रीक भाषेत 'अपैरॉन' असा शब्द होता; त्यातला 'अ' देखील नकाराचाच. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या अनॅक्झिमँडर या ग्रीक विचारवंताने सर्व वस्तूंच्या मुळाशी असलेल्या तत्त्वाला हे नाव दिलं होतं. म्हणजे दूरदूरच्या भाषांत हा शब्द एकाच पद्धतीने घडला. तो काय नाही ते सांगतो, काय आहे ते सांगत नाही. 'बिनदाराची खोली' म्हटल्याने खोलीत काय आहे हे कळत नाही, तसंच हे आहे.

पालीतल्या 'अन्त' या शब्दाचीही गंमत आहे. त्याचा एक अर्थ शेवट, दुसरा अर्थ टोक. सारनाथला पहिल्या प्रवचनात तथागतांनी जी दोन टोकं टाळायला सांगितली, त्यांनाही 'अन्त' हाच शब्द आहे. कामसुखात बुडून जाणं हे एक टोक, शरीराला क्लेश देणं हे दुसरं. आणि दुःख संपवणं यासाठीसुद्धा सुत्तांत दुःखाचा 'अन्त' करणं असंच म्हटलेलं आढळतं. एका बाजूला 'अन्त' टाळायचा आहे, दुसऱ्या बाजूला 'अन्त' गाठायचा आहे. शब्द एकच, पण कुठे आणि कशासाठी वापरला हे पाहावं लागतं.

मालुंक्यपुत्ताचा हट्ट

जग सांत आहे की अनंत आहे, म्हणजे त्याला शेवट आहे की नाही, हा वाद तथागतांच्या काळी जोरात चालू होता. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात त्या वेळच्या ६२ मतांची यादी आहे. त्यातली चार मतं फक्त या एका प्रश्नावरची आहेत. एक पक्ष म्हणे जग सांत आहे. दुसरा म्हणे अनंत आहे. तिसरा म्हणे वर-खाली सांत आहे, पण आडवं अनंत आहे. चौथा म्हणे यातलं काहीच खरं नाही, ते सांतही नाही आणि अनंतही नाही. शेवट कोणीच पाहिलेला नव्हता, तरी भांडण मात्र जोरात होतं.

मज्झिमनिकायात मालुंक्यपुत्त या भिक्खूची गोष्ट आहे. त्याने तथागतांकडे हट्टच धरला. जग शाश्वत आहे की अशाश्वत, सांत आहे की अनंत, या प्रश्नांची उत्तरं द्या, नाहीतर मी संघ सोडून जातो, असं तो म्हणाला. तथागतांनी त्याला उलट विचारलं की या प्रश्नांची उत्तरं देईन असं वचन मी तुला कधी दिलं होतं का? मग त्यांनी विषारी बाणाचं उदाहरण दिलं. बाण लागलेला माणूस वैद्याला हात लावू देत नाही. बाण कोणी मारला, तो कोणत्या वर्णाचा, कोणत्या गावचा, धनुष्य कसलं, पिसं कोणत्या पक्ष्याची, हे कळल्याशिवाय बाण काढायचा नाही म्हणतो. उत्तरं मिळण्याआधीच तो मरून जाईल.

काही लोकांना वाटतं की तथागतांनी प्रश्न टाळला. आमच्या मते त्यांनी प्रश्नांची वर्गवारी केली. ज्या प्रश्नाच्या उत्तराने दुःख कमी होत नाही तो बाजूला ठेवला आणि ज्याच्या उत्तराने कमी होतं तो हातात घेतला. जग अनंत असो वा सांत, जन्म, म्हातारपण, मरण आणि शोक आहेतच, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे. आज अडीच हजार वर्षांनंतरही विश्व सांत की अनंत याचा निकाल विज्ञानाने लावलेला नाही. प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला तेवढाच भाग आपल्याला दिसू शकतो. त्याची कड आपल्यापासून सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. त्यापलीकडे काय, हे मोजता आलेलं नाही. मालुंक्यपुत्त उत्तरासाठी थांबला असता तर अजून थांबलेलाच असता!

या प्रश्नावर सगळीकडेच अशी शांतपणे चर्चा झाली नाही. इटलीतल्या जिओर्दानो ब्रूनो यांना इ.स. १६०० मध्ये रोम येथे जिवंत जाळण्यात आलं. त्यांच्यावर आरोप अनेक होते. विश्वं असंख्य आहेत हे त्यांचं मतही त्या आरोपांत होतं. एका शब्दावरून माणूस जाळता येतो, आणि त्याच शब्दावरून हट्टाला पेटलेल्या माणसाला समोर बसवून समजावताही येतं. दोन्ही इतिहासात घडलेलं आहे.

आणखी एक कथा संयुत्तनिकायात आहे. रोहितस्स नावाचा देवपुत्र तथागतांना विचारतो की चालत जाऊन जगाचा अंत गाठता येईल का? पूर्वजन्मी तो ऋषी होता. त्याचं एक पाऊल पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्राएवढं पडे. खाणं, पिणं, झोप आणि देहधर्म एवढे सोडून तो शंभर वर्षं चालला आणि वाटेतच मेला. जगाचा अंत काही आला नाही. तथागतांनी त्याला सांगितलं की चालून तो अंत सापडणार नाही, पण तो गाठल्याशिवाय दुःखही संपणार नाही. मग तो आहे कुठे? या वावभर शरीरात, ज्याला संज्ञा आहे, मन आहे, त्यातच जग आहे, जगाचा उगम आहे आणि जगाचा अंतही आहे. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की होणारी लांबी. शंभर वर्षांच्या चालीत न सापडलेला अंत त्यांनी दोन हातांच्या मापात दाखवून दिला.

फार मोठे म्हणजे अनंत नव्हे

आता दुसरी गल्लत पाहू. एखादी गोष्ट फार मोठी असली की आपण तिला अनंत म्हणून मोकळे होतो. तथागत असं करत नसत. कल्प किती मोठा, असं एका भिक्खूने विचारलं, तेव्हा त्यांनी 'अनंत' असं उत्तर दिलं नाही. इतकी वर्षं असं सांगणं सोपं नाही, पण उपमा देता येईल, असं म्हणून त्यांनी मोहरीची उपमा दिली. एक योजन लांब, एक योजन रुंद आणि एक योजन उंच असं नगर मोहरीने गच्च भरलेलं आहे. शंभर वर्षांनी एक माणूस येतो आणि एकच दाणा काढून नेतो. सगळी मोहरी संपेल, पण कल्प संपणार नाही.

आम्ही सहज हिशेब करून पाहिला. योजनाची लांबी ग्रंथाग्रंथांत वेगळी आहे. सोयीसाठी १० किलोमीटर धरली. मोहरीचा दाणा दोन मिलिमीटरचा धरला तर एक मीटर लांब, रुंद आणि उंच पेटीत सुमारे दहा कोटी दाणे मावतात. मग त्या नगरात एकावर २० शून्यं इतके दाणे होतात. प्रत्येक दाण्याला शंभर वर्षं, म्हणजे एकावर २२ शून्यं इतकी वर्षं. आजच्या विज्ञानाप्रमाणे विश्वाचं वय सुमारे १३८० कोटी वर्षं आहे. त्यापुढे हा आकडा केवढा मोठा! तरीही तो आकडाच आहे. मोहरी संपते. अनंत असतं तर ती कधीच संपली नसती.

संसाराच्या आरंभाविषयीसुद्धा पालीत 'अनमतग्ग' असा शब्द आहे. त्या सुत्तांत संसाराचं पहिलं टोक दिसून येत नाही असं म्हटलं आहे. 'टोक दिसत नाही' आणि 'टोक नाहीच' यात फरक आहे, आणि तथागतांनी तो फरक जपला. जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं.

ग्रीस देशातही हाच गोंधळ होता. सिरॅक्यूजचे आर्किमिडीज (मृत्यू इ.स.पूर्व २१२) यांनी गेलॉन राजासाठी वाळूच्या कणांवर एक ग्रंथ लिहिला. वाळूचे कण अनंत आहेत असं लोक म्हणतात. पण सारं विश्व वाळूने भरलं तरी कणांची संख्या सांगता येते, असं त्यांनी गणिताने दाखवलं. आजच्या पद्धतीने लिहिलं तर ती संख्या एकावर ६३ शून्यं यापेक्षा जास्त होत नाही. संयुत्तनिकायातही होऊन गेलेल्या कल्पांची तुलना गंगेच्या वाळूशी केलेली आहे. इकडे गंगेची वाळू, तिकडे समुद्राची.

आपल्याकडच्या बौद्ध परंपरेला मोठ्या संख्यांचं वेडच होतं म्हणायला हरकत नाही. ललितविस्तर या ग्रंथात अर्जुन नावाचा गणितज्ञ बोधिसत्त्वाची परीक्षा घेतो, आणि बोधिसत्त्व कोटीच्या पुढे शंभरपटीने संख्या मोजत 'तल्लक्षण' या संख्येपर्यंत जातो. ती म्हणजे एकावर ५३ शून्यं. कच्चायनाच्या पाली व्याकरणात कोटीपासून पुढे कोटी-कोटीच्या पटीने चढत जाणारी नावं दिली आहेत. त्यातलं शेवटचं नाव आहे 'असंखेय्य'. शब्दाचा अर्थ 'मोजता न येणारे'. पण त्या यादीत त्याची किंमत ठरलेली आहे : एकावर १४० शून्यं! म्हणजे 'मोजता न येणारे' हे नाव असलेली संख्यासुद्धा मोजून ठेवलेली. बुद्धवंसात सुमेध तापसाने दीपंकर बुद्धांसमोर बुद्धत्वाचा निश्चय केला, त्याला चार असंखेय्य आणि एक लाख कल्प झाले असं सांगितलं आहे. ही संख्या छाती दडपणारी आहे, पण वाट संपली आणि ध्येय गाठलं गेलं. वाट अनंत असती तर कोणी बुद्धच झालं नसतं.

जैन आचार्यांनी हा भेद आणखी स्पष्ट केला. त्यांनी संख्यांचे तीन वर्ग पाडले : संख्येय, असंख्येय आणि अनंत. मोजता येणारे, मोजता न येणारे आणि शेवट नसलेले. 'मोजता येत नाही' म्हणजे 'अनंत' नव्हे, ही गोष्ट या वर्गवारीतच आहे.

गणितातला अनंत

गणिताच्या पुस्तकात अनंत कसा शिरला, हेही थोडक्यात सांगतो. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी शून्याचे नियम लिहिले. इ.स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी एखाद्या संख्येला शून्याने भागलं की मिळणाऱ्या राशीला 'खहर' असं नाव दिलं. 'ख' म्हणजे आकाश, शून्य. या राशीत काही मिळवलं किंवा तिच्यातून काही काढलं तरी ती बदलत नाही असं त्यांनी लिहिलं, आणि त्यासाठी अनंत ईश्वराची उपमा दिली. शून्याने भागाकार आजच्या शाळेतल्या गणितात निषिद्ध आहे, पण 'भर घातली तरी वाढत नाही, काढलं तरी घटत नाही' ही अनंताची खूण त्यांनी ओळखली होती. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा इ.स. १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्याच सातमाळ्याच्या डोंगरांत पितळखोऱ्याची आपली लेणी आहेत. सहलीला गेलात तर दोन्ही बघा.

आडव्या आठाचं चिन्ह इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन वॉलिस यांनी १६५५ मध्ये वापरात आणलं. चिन्ह मिळालं, पण अर्थ पक्का व्हायला आणखी दोनशे वर्षं गेली. ते काम जर्मनीतल्या हाले गावच्या विद्यापीठात शिकवणारे गेऑर्ग कँटोर (१८४५–१९१८) यांनी केलं. त्यांची युक्ती साधी आहे. समजा, विहारात वंदनेला माणसं बसली आहेत. प्रत्येकाच्या हाती एक-एक मेणबत्ती दिली. माणूस उरला नाही, मेणबत्तीही उरली नाही. किती ते आपण मोजलं नाही, तरी दोन्ही सारख्या आहेत हे पक्कं कळलं. आता १, २, ३, ४ असे सगळे आकडे घ्या आणि २, ४, ६, ८ असे सम आकडे घ्या. एकाला दोन, दोनाला चार, तीनाला सहा अशी जोडी लावत गेलं तर कोणीच उरत नाही. म्हणजे अर्धे दिसणारे सगळ्यांइतकेच भरले! जो संच आपल्याच एका भागाइतका भरतो तो अनंत. आता तो शब्द नुसता 'नाही' सांगणारा राहिला नाही. त्याला कसोटी मिळाली.

१८७४ मध्ये कँटोर यांनी त्याहून मोठी गोष्ट सिद्ध केली, आणि १८९१ मध्ये तिची सोपी रीत दिली. शून्य आणि एक यांच्यामधल्या सगळ्या दशांश संख्यांची यादी कोणी केली असं समजा. पहिल्या संख्येतला पहिला अंक बदला, दुसरीतला दुसरा अंक बदला, तिसरीतला तिसरा, असं करत एक नवी संख्या तयार करा. ती यादीतल्या प्रत्येक संख्येपेक्षा एका तरी अंकाने वेगळी आहे. म्हणजे यादी कितीही लांबवली तरी अपुरीच. याचा अर्थ अनंतही सगळे सारखे नाहीत. एक अनंत दुसऱ्याहून मोठा असू शकतो. बर्लिनचे मोठे गणिती क्रोनेकर यांनी या विचारांना कडाडून विरोध केला. आज मात्र ते जगभर शिकवले जातात.

गणितात अनंताबद्दल बोलायचं असेल तर कसोटी सांगावी लागते. नुसतं मोठ्या आवाजात 'अनंत' म्हणून तिथे भागत नाही.

त्रिरश्मी डोंगरावरची अक्षयनीवी

आता आपल्या मातीकडे येऊ. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, १० क्रमांकाचं लेणं आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा शिलालेख तिथे आहे. त्याने चारही दिशांच्या भिक्खुसंघाला ३००० कार्षापणांचं दान दिलं आणि त्याला 'अक्षयनीवी' म्हटलं. नीवी म्हणजे भांडवल, अक्षय म्हणजे न संपणारं.

पैसा न संपणारा कसा होईल? त्याची रीत लेखात स्वच्छ दिली आहे. २००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने ठेवले. १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवले. मुद्दल परत मागायचं नाही. फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब करून बघा. दरमहा शेकडा एक म्हणजे २००० ला महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्खूंना प्रत्येकी १२, म्हणजे २४०. पैचाही फरक नाही! हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेखात आहे.

इथे 'न संपणारे' हा शब्द कोरड्या कौतुकाचा नाही. नियम पाळले तर न संपणारे, असा त्याचा अर्थ आहे. विणकर काम करत राहिले, श्रेणीने शब्द पाळला, सभेने लक्ष ठेवलं, तोवर ते अक्षय होतं. पुढे श्रेणी राहिली नाही, वर्षावासही थांबले, आणि अक्षयनीवी संपली. दगडावरची अक्षरं तेवढी राहिली. सगळे संस्कार अनित्य आहेत हे ज्यांनी शिकवलं त्यांच्याच संघाला दिलेलं दान त्याला अपवाद कसं असेल? विहारासाठी वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा लेख एकदा तरी जाऊन पाहावा असं आम्हाला वाटतं. एखादं काम 'कायम' राहील हे ते नाव देऊन ठरत नाही. प्रत्येक पिढीने त्याचा हिशेब ठेवला तरच ते राहतं.

'अनादी' म्हणून फसवणूक

अनंताचा एक जोडीदार आहे, 'अनादी'. ज्याला आरंभ नाही ते अनादी, ज्याला शेवट नाही ते अनंत. 'हे अनादी काळापासून चालत आलं आहे', हे वाक्य आपल्या आजोबा-पणजोबांनी किती वेळा ऐकलं असेल! पाणवठ्यावर का जाऊ देत नाही? अनादी काळापासून असंच आहे. गावाबाहेर का राहायचं? अनादी काळापासून असंच आहे. ज्याला आरंभच नाही त्याला कारण कसं विचारणार? आणि ज्याला कारण नाही ते बदलणार कसं? प्रश्न विचारणाऱ्याचं तोंड बंद करायला हा एक शब्द पुरे होता.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका इथेच घाव घातला. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हे शब्द आहेत. ज्याला यंत्रणा आहे ते कोणीतरी चालवतं. ज्याला उत्पत्ती आहे त्याला आरंभ आहे. जातीबाहेर लग्न न करण्याच्या बंधनातून ही यंत्रणा कशी चालते हे त्यांनी दाखवलं. पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेचा उगम शोधला आणि तो इ.स. ४०० च्या सुमाराचा आहे असा निष्कर्ष मांडला. लोक म्हणत होते अनादी. बाबासाहेबांनी साल सांगितलं!

ज्याला आरंभ आहे त्याचा शेवट करता येतो. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केल्याचं जाहीर केलं. मनातून आणि व्यवहारातून ती पूर्ण गेली आहे असं आजही म्हणता येत नाही, हे आपण जाणतोच. पण 'हे संपणारच नाही' असं म्हणणं म्हणजे तिला पुन्हा अनंत म्हणणं होय. आपल्यातलेही काही थकलेले लोक असं बोलतात. त्यांना आम्ही नम्रपणे सांगतो की हा शब्द आपल्या दुःखाला लावू नका. तिसरं अरियसच्च दुःखाच्या निरोधाचं आहे. दुःखाला अंत आहे हेच तर धम्माचं सांगणं आहे.

जिथे मर्यादा घालायची नाही

मग अनंत हा शब्द कुठेच वापरू नये का? तसं नाही. ध्यानाच्या मार्गात 'आकाश अनंत आहे' अशी एक अवस्था पालीत सांगितली आहे. बोधिसत्त्व गौतम आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे त्याही पुढच्या अवस्था शिकले, आणि दुःखमुक्तीची वाट इथे नाही असं पाहून दोघांनाही सोडून निघाले. म्हणजे अनंताचा अनुभव हे सुद्धा मुक्कामाचं ठिकाण नव्हे.

परंतु एक जागा अशी आहे जिथे तथागतांनी मर्यादा काढून टाकायला सांगितलं. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांना 'अप्पमञ्ञा' म्हणतात, म्हणजे माप नसलेल्या. खंधपरित्तात बुद्ध, धम्म आणि संघ यांना 'अप्पमाण' म्हटलं आहे. तिथेच साप, विंचू, गोम, कोळी, पाल आणि उंदीर यांना मात्र माप असलेले म्हटलं आहे. आपण परित्राणपाठाला बसतो तेव्हा हे शब्द कानावरून जातात. अर्थ ध्यानात घेतला तर केवढा धीर येतो! ज्याची भीती वाटते त्याला माप आहे. ज्याचा आधार घ्यायचा त्याला माप नाही.

हे माप नसणं आकाशाच्या आकाराचं नाही, आपल्या वागण्याचं आहे. मैत्री आपल्या घरापुरती, पोटजातीपुरती, वस्तीपुरती ठेवली तर तिला कुंपण पडलं. कुंपण कोणी घातलं? आपणच. तेव्हा ते काढायचंही आपणच. इथे 'अनंत' हा शब्द काही पाहून केलेलं वर्णन नाही, तो पत्करलेला नियम आहे. त्रिरश्मी डोंगरावरच्या नीवीसारखा.

तेव्हा यापुढे कोणी 'अनंत' किंवा 'अनादी' म्हटलं की लहानथोरांनी तीन प्रश्न विचारावेत. हे नुसतं फार मोठं आहे का? असेल तर मोजून बघू. याचा शेवट किंवा आरंभ सापडलेला नाही, की तो शोधूच नये असं कोणाला वाटतं? आणि इथे मर्यादा असावी की नसावी, हे ठरवणारे आपण आहोत का? मुलांनी घरात हे प्रश्न विचारले तर त्यांना गप्प करू नका. विहार आहे तो यासाठीच.

जय भीम!